पोरांच्या गेलिक फुटबॉल चॅम्पियनशिपचं टाइमटेबल लावलं (आणि एक मॅच अंधारात घातली): माझा अनुभव

आम्ही मूळ नाशिकचे, आता आयर्लंडमध्ये, डब्लिनपासून गाडीने पाऊण तासावरच्या एका गावात राहतो. पोरगा सात वर्षांचा असताना त्याला इथल्या जीएए (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन) क्लबमध्ये घातला, कारण काय तर त्याच्या वर्गातली सगळी पोरं तिथेच जायची. पुढची पाच वर्षं माझं काम फक्त साइडलाइनला थर्मास घेऊन कुडकुडत उभं राहणं एवढंच होतं. मग 2023 च्या शेवटी क्लबची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, झाली, कुणीतरी विचारलं एक्सेल कोणाला येतं, आणि मी आयटीवाला माणूस, सवयीने मान हलवली. झालं. दोन महिन्यांत मी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) ज्युनिअर कमिटीवर, ज्याला आयरिशमध्ये कुश्चा ना नोग म्हणतात, आणि माझ्याकडे अंडर 13 मुलांच्या फुटबॉल चॅम्पियनशिपचं टाइमटेबल.

ज्यांना हा खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉल हातात घेऊन पळता येतं पण चारच पावलं, मग एकदा जमिनीवर आपटायचा नाहीतर पायावर सोडून परत हातात उडवून घ्यायचा, सलग दोनदा आपटला तर फाउल. गोलपोस्ट इंग्रजी एच सारखी. आडव्या दांड्याच्या खालून जाळीत गेला की गोल, म्हणजे 3 पॉइंट, वरून गेला की 1 (2025 पासून मोठ्यांच्या मॅचमध्ये 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर 2). अंगाला अंग भिडतं, थोडी आपली कबड्डी आठवते. जीएए ही संघटना 1884 मध्ये थर्लस गावातल्या एका हॉटेलात सुरू झाली आणि आजही सगळं हौशी आहे, म्हणजे क्रोक पार्कला 82 हजार लोकांपुढे फायनल खेळलेला माणूस दोन दिवसांनी शाळेत गणित शिकवताना दिसू शकतो. खेळाडूला पगार नाही आणि टाइमटेबलवाल्यालाही नाही, त्याला फक्त फोन येतात.

आधी कागदपत्रं. पोरांच्या आसपास काम करायचं तर गार्डा व्हेटिंग लागतं, गार्डा म्हणजे इथले पोलीस. वरून सेफगार्डिंगचा एक कोर्स, आणि फोरिन नावाच्या सिस्टिममध्ये मेंबरशिप. त्यात मला कळलं की टीमशीटवर खेळाडूंची नावं आयरिशमध्ये लिहायची पद्धत आहे. आमच्या चिरंजिवांच्या नावाचं आयरिश काय करायचं यावर घरी रात्रभर चर्चा झाली, बायको म्हणाली त्याच्या आजीला त्याचं मराठी नाव नीट लिहिता आलं तरी खूप आहे. शेवटी आहे तसंच लिहिलं, कोणी काही बोललं नाही.

कमिटीत आम्ही तिघं. मी, एक शाळामास्तर, आणि एक निवृत्त बस ड्रायव्हर. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मी पण मारतो, पण मनातल्या मनात तो ड्रायव्हर माझा काकाच. त्याच्याकडे एक जाड डायरी. मी पहिल्या मीटिंगला लॅपटॉप घेऊन गेलो, 28 संघ, चार-चारचे सात ग्रुप, प्रत्येक ग्रुपमध्ये सहा मॅचेस म्हणजे 42, मग सेमी, फायनल, आणि खालच्या दोन नंबरवाल्यांसाठी शील्ड, म्हणजे सगळ्यांना जास्त मॅचेस. रंगीत शीट दाखवलं. काका म्हणाला छान आहे रे, पण तू तारखा आधी लिहिल्यास, तारीख शेवटी लिहायची, आधी पोरगं कुठे आहे ते लिही.

मला वाटलं होतं मैदानं कमी पडतील. मैदानं आहेत. कमी पडतं ते तेच तेच पोरगं. अंडर 13 म्हणजे 1 जानेवारीला ज्याला 13 पूर्ण नाहीत तो, आणि ग्रामीण क्लबात तोच मुलगा फुटबॉलला आहे, तोच हर्लिंगला (काठीने छोटा बॉल मारायचा इथला खेळ) आहे, दोन्हीचा कोच बऱ्याचदा एकच बाप आहे, आणि त्याची बहीण लेडीज फुटबॉल खेळते, ज्याची संघटनाच वेगळी, 1974 सालची, तिचं टाइमटेबल वेगळं पण मैदान तेच आणि गाडी पण तीच. मे महिन्यातले शनिवार पहिल्या कम्युनियनला आणि कन्फर्मेशनला, म्हणजे पोरांच्या चर्चमधल्या विधींना जातात. जूनमध्ये मोठ्या पोरांच्या बोर्डाच्या परीक्षा. जुलैत निम्मी पोरं स्पेनला आणि उरलेल्यांतली काही गेलटाख्तला, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या भागात तीन-तीन आठवडे भाषा शिकायला. म्हणून चॅम्पियनशिप ऑगस्टच्या मध्यानंतरच. पण तेव्हाच नेमकी मोठ्यांची क्लब चॅम्पियनशिप पेटलेली असते, कारण 2022 पासून काउंटीच्या संघांचा सीझन जुलैतच संपवतात (2024 मध्ये 28 जुलैला फायनलला आर्माने गॉलवेला एका पॉइंटने हरवलं, मी टीव्हीसमोर होतो आणि हातात हेच शीट होतं). मोठे शनिवार-रविवार घेतात, चांगली मैदानं घेतात, रेफ्री घेतात. पोरांना बहुतेक उरतो बुधवार संध्याकाळ. आणि बुधवारही एकाआड एक, मधला हर्लिंगचा.

अजून एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. अंडर 12 पर्यंत गो गेम्स असतात, सगळ्यांना खेळवायचं, कप नाही, टेबल नाही. म्हणजे अंडर 13 ला आईबापांना आयुष्यात पहिल्यांदा पॉइंट टेबल बघायला मिळतं, आणि तिथे शांत माणसं बदलतात. एकाने रात्री साडेअकराला मला ग्रुप सीच्या स्कोअर डिफरन्सचा स्क्रीनशॉट पाठवला, त्याचा मुलगा ग्रुप एमध्ये होता.

पहिला राउंड 21 ऑगस्ट, बुधवार, सव्वासात. छान झाला, फक्त खालच्या डिव्हिजनमधल्या एका संघाने वॉकओव्हर दिला, पोरंच नाहीत म्हणून, सगळे सुट्टीवर. मी समोरच्या संघाला टेबलमध्ये विजयाचे 2 पॉइंट दिले आणि विसरलो. ही चूक नंतर भोवली, सांगतो.

दुसरा राउंड आम्ही शनिवारी टाकला होता, 7 सप्टेंबर. मला तारीख लिहितानाच दिसलं होतं की त्या दिवशी गणपती. मंडळाचा कार्यक्रम, पोराचा ढोल, घरी मोदक, सगळं त्याच दिवशी. पण म्हटलं मी नवीन माणूस, कमिटीवर आल्याआल्या स्वतःच्या घरच्या सणासाठी राउंड हलवा कसं म्हणू, लोक काय म्हणतील, म्हणून गप्प बसलो. घरी बायको दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हती. मग सोमवारी एक ईमेल आला, आमच्या क्लबचा नाही, डब्लिनच्या बाजूला नवीन वस्ती झालेल्या एका क्लबच्या कोचचा, अस्सल आयरिश माणूस. लिहिलं होतं, आमची तीन पोरं शनिवारी दुपारी नाहीत, गणेश काहीतरी सण आहे, त्यात आमचा गोलकीपर पण आहे, मॅच सकाळी दहाला घेता येईल का. मी तो ईमेल चार वेळा वाचला. नियम असा की समोरचा क्लब हो म्हणाला तर वेळ बदलायची, समोरचा क्लब म्हणाला ग्रँड, नो बॉदर. इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, बाकी काही नाही.

मग मीटिंगमध्ये मी हळूच सांगितलं की आमच्या घरी पण तोच सण आहे. काका माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, आणि तू काहीच बोलला नाहीस? आमची मॅच पण सकाळी गेली, त्यावर निर्णय बाकी दोघांनी घेतला, मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा, कारण स्वतःच्या क्लबच्या विषयात बसायचं नाही हे बरोबरच आहे. पोरगा सकाळी खेळला, गुडघ्याला चिखल तसाच घेऊन आरतीला उभा राहिला.

आता अंधाराची गोष्ट. तिसरा राउंड, 18 सप्टेंबर, बुधवार. मी एक्सेलमध्ये सव्वासातचा सेल धरून खाली ओढला होता. बस, एवढीच चूक. 21 ऑगस्टला इथे सूर्य साडेआठनंतर मावळतो, 18 सप्टेंबरला साडेसातच्या सुमारास. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही की चार आठवड्यांत तासाहून जास्त उजेड जाऊ शकतो. बहुतेक क्लबांनी स्वतःच वेळ अलीकडे घेतली, मला न सांगता, एका मॅचला मात्र दोन्ही कोच नवीन होते, त्यांनी शीटवरची वेळ पाळली. त्यात पाहुणा संघ ट्रॅफिकमध्ये अडकला, पाऊण तासाचा रस्ता सव्वा तासाचा झाला, थ्रो-इन, म्हणजे मॅचची सुरुवात, साडेसातला. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ. मैदानाला दिवे नाहीत.

मला आठ वाजता फोन आला म्हणून मी तिकडे पळालो, दहा मिनिटांवरच होतं. गाडी लावली तेव्हा समोर कुंपणाच्या वर पौर्णिमेचा मोठाच्या मोठा चंद्र, आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, आणि मैदानात पोरं नाहीत, फक्त पांढरे मोजे पळतायत. तीन-चार आईबापांनी गाड्या गोलच्या मागे आणून हेडलाइट लावले होते, त्यामुळे गोलकीपरला तर काहीच दिसेना, तो डोळ्यावर हात धरून उभा. एका पोराने बॉल उंच मारला, दांड्यावरून गेला की बाजूने कोणालाच कळेना. गोलमागे अंपायर म्हणून उभा केलेला बाबा पॉइंटचा पांढरा झेंडा अर्धा वर करून दुसऱ्या अंपायरकडे बघतोय, दुसरा त्याच्याकडे. रेफ्रीने शिट्टी मारली, दोन्ही कोचना बोलावलं आणि मॅच थांबवली. सहा मिनिटं बाकी, घरचा संघ दोन पॉइंटने पुढे.

पुढे काय करायचं? पुढे असलेले म्हणाले निकाल धरा, मागे असलेले म्हणाले सहा मिनिटांत काहीही होतं, आणि दोघंही बरोबर. आम्ही तिघांनी फोनवर तासभर घोळ घातला आणि रविवारी सकाळी पूर्ण मॅच परत ठेवली. त्यात मागे असलेला संघ एका पॉइंटने जिंकला. हरलेल्या संघाचा कोच माझ्याकडे आला, ओरडला वगैरे नाही, नुसतं म्हणाला, आमची पोरं बुधवारी जिंकलेली होती. मी सॉरी म्हटलं. त्यावर तो हात मिळवून गेला पण मला ते आठवडाभर खात होतं, अजूनही एक्सेलमध्ये सेल ओढताना आठवतं.

आणि तो वॉकओव्हर. खालच्या डिव्हिजनमध्ये 12 संघ, तीन ग्रुप, तीन विजेते आणि एक सगळ्यात चांगला उपविजेता सेमीला, असं आम्हीच ठरवलं होतं. तिथे दोन उपविजेते टेबलमध्ये 4-4 पॉइंटवर. एकाने दुबळ्या संघाला 25 पॉइंटनी धुतलेलं, दुसऱ्याला वॉकओव्हर मिळालेला म्हणून त्याच्या खात्यात त्या मॅचचा स्कोअरच नाही. स्कोअर डिफरन्स बघितला तर पहिला मैलभर पुढे. पण दुसऱ्याने काय पाप केलं? समोरचे आलेच नाहीत. आणि वेगवेगळ्या ग्रुपमधले संघ वॉकओव्हर असताना कसे तोलायचे हे आम्ही आमच्या नियमावलीत लिहिलंच नव्हतं, ते लिहायचं काम माझं होतं. शेवटी 25 सप्टेंबरला दिवे असलेल्या मैदानावर प्लेऑफ ठेवला, रेफ्री मिळेना, मास्तरांनी स्वतः शिट्टी घेतली. (माझ्या मते चांगला उपविजेता हा प्रकारच नको, आठ-आठचे डिव्हिजन करा नाहीतर उपांत्यपूर्व घ्या, पण हे मी कमिटीत म्हटलं की मास्तर म्हणतात जास्त मॅचेसना बुधवार कुठून आणू.)

फायनल 12 ऑक्टोबरला, शनिवारी, दुपारी, भरपूर उजेडात. दसरा होता, सकाळी लॅपटॉपची पूजा करताना बायको म्हणाली आधी त्यातलं शीट सुधार. अंपायर कमी पडले म्हणून मला पांढरा कोट घालून गोलमागे उभं केलं, आणि पहिल्याच पॉइंटला मी गोलचा हिरवा झेंडा उचलला, सगळं मैदान हसलं. आमचा संघ शील्डच्या सेमीतच बाहेर गेला होता, पोरगा बाजूला चिप्स खात बसलेला, तो सगळ्यात जास्त हसला.

नोव्हेंबरात 2025 चं शीट उघडलं. आता त्यात सूर्यास्ताचा एक वेगळा कॉलम आहे, आणि थ्रो-इनची वेळ त्याच्या सव्वा तास आधीची नसेल तर सेल लाल होतो. वॉकओव्हरचा नियम पहिल्याच पानावर. मग कॅलेंडर काढलं, गणपती 27 ऑगस्टला, आणि वार बघतो तर बुधवार. म्हटलं आता या वेळी तरी तोंड उघडायचं. काकाला फोन केला. तो म्हणाला थांब, पानं उलटल्याचा आवाज आला, म्हणाला सत्तावीस ऑगस्ट ना, आहे माझ्याकडे, पोराला विचारून घेतलं होतं मी, त्या बुधवारी आपण काही ठेवत नाही. नंतर डायरी बघितली तर गणेशचं स्पेलिंग चुकलेलं होतं, मी तसंच राहू दिलं.