हेल्मेटमधली जाळी : माझा अनुभव

मधमाशी हेल्मेटमध्ये शिरली तेव्हा मी सिंहगडाचा घाट उतरत होते. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा होता, पाऊस नुकताच उघडला होता, कडेच्या उतारांवर सोनकी फुललेली होती आणि सायकलचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपास असावा. कपाळाच्या वर, उजवीकडच्या झरोक्यातून काहीतरी आत आदळल्याचे जाणवले, पाठोपाठ केसांत गुणगुण सुरू झाली आणि जे करू नये नेमके तेच मी केले. एक हात सोडून हेल्मेटवर थाप मारली. माशी डोके आणि हेल्मेट यांच्यामध्ये दाबली गेली आणि तिने नांगी मारली. ब्रेक दाबून, सायकल कठड्याला टेकवून, हनुवटीखालचा पट्टा थरथरत्या बोटांनी सोडवेपर्यंत बराच वेळ गेला असे मला वाटले. प्रत्यक्षात अर्धा मिनिटही गेला नसेल. त्या वेळी पुढून एखादी एसटी वर येत असती तर काय झाले असते, हा विचार मला दंशापेक्षा अधिक काळ छळत राहिला.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी लोखंडी किल्ली घासली, मग चुना लावला. संध्याकाळी डॉक्टरांनी अंगभर गांधी उठल्या का, श्वास लागला का, चक्कर आली का, एवढे तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरे नकारार्थी आल्यावर बर्फ लावायला सांगितले आणि सूज दोन-तीन दिवस राहील असे बजावून मला परत पाठवले. ज्यांना या तिन्हींपैकी काहीही होते त्यांनी क्षणही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे, हे मात्र त्यांनी स्वतःहून सांगितले.

आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी पुण्यातल्या गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिक्षण घेतले आहे आणि त्यांच्या गावच्या घरी सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत. मी जपून आणलेली मेलेली माशी पाहून ती सातेरीच असल्याचे त्यांनी सांगितले. आग्यामाशी असती तर आकारच सांगून गेला असता, आणि गांधीलमाशी असती तर कातडीत नांगी राहिली नसती, कारण तिची नांगी गुळगुळीत असते व ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते. कामकरी मधमाशीच्या नांगीला मागे वळलेले काटे असतात. त्यामुळे नांगी विषाच्या पिशवीसकट कातडीतच अडकते आणि माशी उडून गेल्यावरही ती पिशवी विष ढकलत राहते. म्हणून नांगी चिमटीने काढावी की नखाने खरवडावी याचा खल करीत बसण्यापेक्षा ती लगेच काढणे महत्त्वाचे. काकांची दुसरी सूचना मला अगदी नवी होती. डंख होताना माशी जो इशाऱ्याचा गंध सोडते तो पिकलेल्या केळ्यासारखा असतो आणि त्याने इतर माश्या चवताळतात, तेव्हा हेल्मेटच्या आतल्या गाद्या साबणाने धुतल्याशिवाय ते पुन्हा डोक्यावर चढवू नकोस, असे त्यांनी सांगितले. गाद्या धुण्यासाठी सोडवल्या आणि तेव्हा प्रथमच, चार वर्षे वापरलेल्या त्या वस्तूच्या आत मी नीट पाहिले.

बाहेरून झरोके वेगवेगळे दिसतात. आतून ते एकमेकांना जोडलेले असतात. पुढच्या झरोक्यांतून आलेली हवा थर्मोकोलमध्ये कोरलेल्या पन्हळींतून डोक्यावरून वाहत मागच्या झरोक्यांतून बाहेर पडते. ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. या वेगाने समोरून आलेल्या माशीला वळायला सवड नसते. तोंडाशी रुंद असलेली पन्हळ पुढे निमुळती होत जाते, खाली केस असतात, वर थर्मोकोल असते आणि वारा मागून ढकलत असतो. माझ्या बाबतीत वेणीचा पीळ टाळूवरच सुरू होतो, त्यामुळे मागची वाट जवळपास बंदच होती. माशी चिडून आत आली नव्हती, अडकल्यामुळे चिडली होती. कीटक पुढूनच येतात आणि मागचे झरोके केवळ हवा बाहेर सोडण्यासाठी असतात, तेव्हा अडवायचे ते फक्त पुढचे चार-पाच झरोके, हेही त्याच वेळी ध्यानात आले.

जाळी लावलेले हेल्मेट आयते मिळते का, याचा शोध मी पेठेतल्या सायकलींच्या दुकानांतून सुरू केला. एका दुकानदाराने मला मोटारसायकलचे काच असलेले हेल्मेट दाखवले, दुसऱ्याने पावसाळी टोपीसारखे वरून चढवायचे आवरण पुढे केले. त्या आवरणाने माशी येणार नाही हे खरे, पण हवाही येणार नाही. म्युनिकला असलेल्या भाच्याशी बोलले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “मावशी, इथे कित्येक हेल्मेटांत ही जाळी बसवूनच येते, त्यात काय एवढे!” जर्मनीत उवेक्स, अ‍ॅबस, अल्पिना अशा कंपन्यांच्या शहरी वापराच्या हेल्मेटांत पुढच्या झरोक्यांमागे बारीक जाळी असते आणि तिथले लोक तिला ‘फ्लीगेननेट्स’, म्हणजे माश्यांची जाळी, म्हणतात. दिवाळीला येताना त्याने एक सुटी जाळी आणली. ती गादीसकट एकाच तुकड्यात शिवलेली होती आणि ज्या हेल्मेटासाठी ती बनवली होती त्यातच बसण्यासारखी होती. माझ्या हेल्मेटात तिची वेल्क्रोची ठिकाणे जुळेनात, आणि ओढून बसवली तर कपाळापाशी घडी पडत होती. तरीही ती आणल्याचा उपयोग झाला, कारण जाळी कुठे असते हे मला त्यावरून कळले; मात्र ती तिथेच का असते हे कळायला आणखी दोन महिने जावे लागले.

आता जाळी घरीच करायची ठरले आणि पहिला प्रश्न ती चिकटवायची कशी हा आला. यजमानांनी रबर सोल्युशनची नळी आणून ठेवली होती. सुदैवाने मला आमच्या गणपतीच्या मखराची आठवण झाली. 2018 साली राज्यात थर्मोकोलवर बंदी येण्यापूर्वी ज्यांनी ज्यांनी घरी मखर केले आहे त्यांना ठाऊक असेल की काही चिकटद्रव्ये लावताच थर्मोकोल साखरेसारखे विरघळते, आणि म्हणूनच सगळे मखर पांढऱ्या, पाण्यात मिसळणाऱ्या फेविकॉलने चिकटवले जाई. हेल्मेटातले थर्मोकोल अधिक घट्ट असले तरी पदार्थ तोच, म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. खात्री करण्यासाठी मिक्सरच्या खोक्यातला एक तुकडा घेऊन त्यावर त्या नळीतला थेंब सोडला. पाच मिनिटांत तिथे वाटाण्याएवढा खड्डा पडला. हाच खड्डा हेल्मेटात, जाळीच्या आड, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी पडला असता. गोंदाची बंदूक वापरावी तर तिची उष्णताही थर्मोकोलला सोसत नाही. हेल्मेटासोबत आलेली, चार वर्षांत न उघडलेली पुस्तिका मी मग वाचली. रंग, द्रावक, चिकटपट्ट्या यांपैकी काहीही लावू नये असे तिच्यात स्पष्ट लिहिलेले होते.

या पुस्तिकेने मला थोडे थांबवलेही. माझ्या हेल्मेटावर ई.एन. 1078 या युरोपीय मानकाचा शिक्का आहे. या मानकाच्या चाचणीत हेल्मेट घातलेले कृत्रिम डोके सपाट लोखंडावर सेकंदाला 5.42 मीटर वेगाने, म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून सोडल्याप्रमाणे, आदळवतात आणि डोक्याला बसणारा धक्का ठरावीक मर्यादेत राहतो का हे मोजतात. चाचणी झालेली असते ती त्या हेल्मेटाची, मी त्यात भर घातलेल्या हेल्मेटाची नव्हे. म्हणून मी स्वतःला काही बंधने घालून घेतली. थर्मोकोलला भोक पाडायचे नाही, काही चिकटवायचे नाही, धातू वापरायचा नाही आणि हेल्मेट डोक्यावर बसण्यात किंचितही फरक पडू द्यायचा नाही. यामुळे बोहरी आळीतून हौसेने आणलेली स्टीलची जाळी अडगळीत गेली. पडल्यावर तिच्या कापलेल्या तारा कपाळात घुसल्या असत्या. खिडकीला लावतात ती फायबर ग्लासची जाळीही बाद झाली, कारण कापलेल्या कडेचे बारीक तंतू हाताला खुपत होते, मग घामेजल्या कपाळाला किती खुपले असते! अखेरीस जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा घेतला. तिची छिद्रे जेमतेम मिलिमीटरभर रुंद असतात. मधमाशी तर दूरच, बहुतेक डासही त्यातून जात नाहीत.

कागदी बेतावर मात्र माझा बराच वेळ गेला. वर्तमानपत्र ओले करून हेल्मेटाच्या आत दाबायचे, वाळू द्यायचे, झरोक्यांच्या कडा पेन्सिलीने उमटवायच्या आणि मग त्या वाटीसारख्या कागदाला चिरा देऊन सपाट करायचे, असा तो उद्योग होता. ब्लाउज बेतण्याचा सराव इथे कामी येईल असे कधी वाटले नव्हते. जाळीच्या कडा सुटू नयेत म्हणून पहिल्यांदा दुमडून शिवल्या, तर त्या शिवणीचा वळ कपाळावर उठला. दुसऱ्यांदा मेणबत्तीवर धरून वितळवल्या, तर नायलॉनच्या कडक मण्यांनी ओरखडे काढले. तिसऱ्यांदा कड तशीच सोडून जिथे गाद्या येतात तेवढ्याच जागी पातळ सुती फीत लावली, आणि ते जमले. थर्मोकोलवर कारखान्यातच बसवलेले वेल्क्रोचे खरखरीत तुकडे असतात. ते नायलॉनच्या जाळीला आपोआप धरून ठेवतात आणि वरून गादी बसवली की जाळी हलत नाही.

एवढे झाल्यावर काम फत्ते झाले असे समजून डिसेंबरात मी खडकवासल्याला गेले. थंडीमुळे हवेचा फरक जाणवला नाही. पण परतताना घामाने ओली झालेली जाळी सैल पडून केसांना टेकल्याचे लक्षात आले. घरी येऊन काकांना दाखवले, तर त्यांनी जाळीवर बोट ठेवले आणि एवढेच विचारले, “आणि माशी याच्या बाहेर बसली, तर नांगी आत येणार नाही का?” मधमाशीची नांगी दोन-अडीच मिलिमीटर लांब असते. जाळी डोक्याला टेकलेली असेल तर माशी बाहेर अडकते, पण डंख मात्र आत पोहोचतो. मध्यंतरी एका मैत्रिणीच्या सल्ल्याने हेल्मेटाखाली पातळ बफ, म्हणजे डोक्यावर किंवा गळ्यात घालायची ताणली जाणारी कापडी नळी, घालून पाहिला होता, त्याच्याही मर्यादेचे कारण हेच. भाच्याने आणलेल्या जाळीत ती गादीच्या वरच्या बाजूला, थर्मोकोलला लगटून का शिवली होती, हे तेव्हा कळले. गादीची जाडी म्हणजे डोके आणि जाळी यांच्यामधले अंतर, आणि संरक्षण जाळीइतकेच त्या अंतरात आहे. मी जाळी बेताने बरोबर कापली होती, पण ती थोडी मोठी ठेवली होती, ‘ताण पडू नये’ म्हणून. पुन्हा कापताना ती प्रत्येक बाजूने थोडी लहान केली, झरोक्यांवर ताणून बसवली आणि मधल्या भागात जिथे झोळ पडत होता तिथे गादीचे एक ठिगळ थोडे पुढे सरकवले. मग हेल्मेट घट्ट-सैल करणारी मागची चकती फिरवून, मान हलवून, पट्टा लावून हेल्मेट पूर्वीप्रमाणेच घट्ट बसते का हे तपासले. हे तपासणे मी जाळी काढून धुतल्यानंतर दर वेळी करते, कारण गादी एक बोट इकडेतिकडे लागली तरी फरक पडतो.

उन्हाळ्याबद्दल खरे सांगायचे तर जाळीमुळे डोक्याला गरम होते. वेगात असताना फारसे कळत नाही. चढावर, जेव्हा वेग माणसाच्या धावण्याएवढाही राहत नाही आणि वारा मिळेनासा होतो, तेव्हा कपाळावर घाम साचतो. एप्रिल-मे महिन्यांत भर शहरात जायचे असेल तर मी जाळी काढून ठेवते. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, सावर आणि पांगारा फुलतो तेव्हा, घाटाकडे जाताना ती काढण्याचा धीर मला होत नाही. संध्याकाळी धरणाच्या काठाने चिलटांचे ढग असतात, त्यांच्यापासून डोळ्यांना चष्माच वाचवतो. तिथे या जाळीचा काही उपयोग नाही. धुण्याचा आळस मात्र परवडत नाही. घामाचे मीठ वाळले की जाळी कडक होते आणि छिद्रे बुजतात.

फेब्रुवारीत सिंहगडाच्या पायथ्याच्या डोणजे गावाच्या अलीकडे पुन्हा एकदा झरोक्यावर टप्पकन आवाज झाला. हात आपोआप वर जायला निघाला होता, तो मी हँडलवर दाबून धरला, सायकल बाजूला घेतली, पट्टा सोडला आणि हेल्मेट उलटे न करता हळूच काढून समोर धरले. झरोक्याच्या खोबणीत, जाळीच्या बाहेरच्या बाजूला सातेरी बसली होती. तिने पाय झाडले, परागाने पिवळे झालेले अंग दोनदा पुसले आणि ती शेताकडे निघून गेली.

यंदाच्या पावसात घसरून पडल्यावर ते हेल्मेट मी बदलले. वरून चीर दिसत नसली तरी आदळलेले थर्मोकोल पुन्हा धक्का झेलण्याच्या कामाचे राहत नाही. नव्याचे झरोके लांबट आहेत आणि जुना कागदी बेत त्यात बसत नाही. सध्या जेवणाच्या टेबलावर ओले वर्तमानपत्र वाळत पडले आहे, आणि सासूबाई रोज विचारतात की हा पसारा कधी उचलणार.