आमची वाटचाल : चार म्हणजे स्टेपल

बाबांनी गोव्यात फोंड्याला ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर, छपाई सुरू केली तेव्हा जॉब तिकीट म्हणजे पाकिटावर पेन्सिलीने केलेलं टिपण. कागद कुठला, प्रती किती, पिन कुठे. चुकलं तर गिऱ्हाईक समोर उभंच असायचं. पुढे कुंडईला शेड घेतली, ऑफसेटच्या जोडीला दोन डिजिटल मशिनं आली, पण पाकीट तेच राहिलं.

अडलं ते वेर्ण्याच्या एका औषध कंपनीच्या कामात. तिच्या चार विभागांकडून पीडीएफ यायच्या आणि सूचना मेलच्या मजकुरात. एकदा ६०० पुस्तिका छापून झाल्यावर ऑपरेटर म्हणाला, "पात्रांव, फाटलें पान उरफाटें आयलां!" (मालक, मागचं पान उलटं आलंय!) मेलमध्ये 'दोन्ही बाजूंनी' एवढंच होतं. लांब कडेवर उलटायचं की आखूड, ते कुणी लिहिलंच नव्हतं. सगळा कागद रद्दीत, खर्च आमचा.

मग जॉब तिकीट लिहायचं ठरलेलं मानक शोधायला लागलो. माझा ओढा जेडीएफकडे (जॉब डेफिनिशन फॉरमॅट, छपाईच्या कामाचं संगणकी तिकीट). २००१ पासूनचं, एक्सएमएल या संगणकाला वाचता येणाऱ्या मांडणीतलं. एका प्रक्रियेतून निघालेली वस्तू पुढच्या प्रक्रियेचा माल. प्लेट निघाली की ती छपाईच्या खात्यात जमा. वाचून मी खूश! पण 'जेडीएफ चालतं' म्हणून घेतलेलं मशीन प्रती आणि कागद तेवढं वाचायचं, घडी-शिवणीकडे ढुंकूनही बघायचं नाही. मानक इतकं अवाढव्य की जो तो हवं तेवढंच उचलतो. कोणत्या यंत्राने किमान काय पाळायचं, याची वेगळी कागदपत्रं जेडीएफ सांभाळणाऱ्या सीआयपी४ या संस्थेने काढली आहेत. ती मशीन घेण्याआधी मागायची असतात, हे आम्हाला घेतल्यावर कळलं. (२०१८च्या एक्सजेडीएफने, म्हणजे जेडीएफच्याच नव्या अवताराने, अख्खं काम एकाच तिकिटात कोंबून फिरवायचा हट्ट सोडला, हे बरं झालं.)

कंपनीच्या आयटीवाल्यांना यातलं काहीच नको होतं. त्यांचे संगणक प्रिंटरशी आधीपासून आयपीपीत (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, नेटवर्कवरून छपाईची आज्ञा द्यायची ठरलेली भाषा) बोलत होते. त्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेलं नाव, ठरलेली किंमत. फिनिशिंगला, म्हणजे छापून झाल्यावरच्या कामाला, ३ म्हणजे काही नको, ४ म्हणजे स्टेपल, ५ म्हणजे पंच. दुहेरी छपाईतही कड सांगावीच लागते. तिथेच माझं मत फिरलं. जो तिकीट भरतो त्याची भाषा धरावी. कंपनीकडून येईल ते आयपीपीच्या शब्दांत. ऑफसेटला जाणाऱ्या कामांपुरतं आम्ही ते जेडीएफमध्ये बदलून घेतो. तो प्रोग्राम भाच्याने चार दिवसांत लिहिला.

तीन आठवडे गेले कागदाच्या नावांत. 'नेहमीचा कागद' म्हणजे एका विभागाचा ७० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) वजनाचा, दुसऱ्याचा ८०. कुठल्याही मानकाने हे भांडण मिटवलं नसतं. चारही विभागांना एका टेबलाशी बसवून यादी केली. आता रकाना रिकामा असला की तिकीट अडतं, अंदाज बांधत नाही. सुरुवातीला यावरून बोलणी खाल्ली.

फोंड्याच्या दुकानात बिलबुकांना अजून पाकीटच आहे. पिन हवी असली की ऑपरेटर त्यावर '४' लिहितो.