टाका कुठे, गोंद कुठे: बकरमची टोपी घडवताना

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या एका प्रयोगात १९२० च्या दशकातील इंग्रज कलेक्टरच्या पत्नीचे पात्र आहे आणि तिच्यासाठी रुंद काठाची टोपी हवी होती. भाड्याने मिळणाऱ्या टोप्या लांबून बऱ्या दिसतात, पण त्यांचा काठ लोंबलेला आणि आतली पट्टी घामाने कडक झालेली असते. म्हणून वेशभूषा सांभाळणारी या नात्याने ती टोपी मी स्वतःच करायला घेतली. ब्लाउज, परकर, झबली शिवण्याचा सराव होता, पण टोपी हे कापडाचे काम कमी आणि बांधकामाचे जास्त आहे. कोणता जोड शिवायचा आणि कोणता चिकटवायचा, हा निर्णय तिच्यात पावलोपावली घ्यावा लागतो आणि टोपी किती टिकेल हे त्यावरच ठरते.

सांगाड्यासाठी बकरम आणले. रविवार पेठेत शिवणसामानाच्या दुकानात बकरम मागितले की बहुधा गरम इस्त्रीने चिकटणारे, कॉलरसाठीचे पुढे केले जाते. टोपीला मात्र विरळ विणीचे, खळ देऊन कडक केलेले सुती बकरमच लागते. त्याचे दोन थर घ्यायचे, एक उभ्या धाग्यात आणि दुसरा उरेब (कापडाच्या तिरक्या दिशेत), म्हणजे काठ सगळ्या बाजूंनी सारखा ताठ राहतो. हे थर जोडायला वेगळा गोंद लागत नाही. दोन्ही थर किंचित ओलसर करून एकमेकांवर ठेवले आणि वरून इस्त्री दाबली की त्यांच्यातलीच खळ त्यांना घट्ट धरते.

मापाच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. डोके गोल नसते, लांबट असते. आमच्या अभिनेत्रीच्या डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर भरला. आतली पट्टी आणि अस्तर यांच्या जाडीसाठी एक सेंटिमीटर वाढवून ५८ धरला. ५८ सेंटिमीटर घेराचे वर्तुळ काढले तर त्याचा व्यास सुमारे साडेअठरा येतो आणि अशी टोपी कपाळावर रुतते, कानांशी मात्र सैल राहते. म्हणून मी साधारण २० सेंटिमीटर लांब आणि १६.८ सेंटिमीटर रुंद असा लंबगोल काढला. माथा, उभी पट्टी आणि काठ हे तिन्ही भाग त्यावरूनच आखले. काठाच्या आतल्या बाजूला दीड सेंटिमीटर बकरम जास्त ठेवून, त्याला आखलेल्या रेषेपर्यंत कातरे दिले आणि ते दाते वर वळवून उभ्या पट्टीच्या आत घेतले.

या जोडावर टोपीचा सगळा भार येतो. टोपी घालताना आणि काढताना माणूस काठालाच धरतो, त्यामुळे इथे गोंदावर विसंबण्यात अर्थ नाही. मी मेण लावलेल्या दोन पदरी दोऱ्याने उलटी टीप घातली. बकरम वाकत नसल्यामुळे सुई तिरपी घालून दोन-तीन टाके एकदम उचलता येत नाहीत. ती सरळ आत घालायची, दुसऱ्या हाताने आतून ओढायची आणि तशीच सरळ बाहेर काढायची. अशा कामाला लांब, बारीक आणि गोल नेढ्याची सुई बरी, कारण तिचे नेढे बकरमच्या विणीत अडकत नाही. अंगुस्तान तर हवेच. आमच्या गल्लीतले शिंपीकाका माझे काम पाहायला थांबले तेव्हा म्हणाले, “ताई, दोरा ओढू नका, बसवा. ओढलात तर बकरम चिरेल.” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. खळीने ताठ झालेले धागे ताणलेल्या दोऱ्याखाली तुटतात आणि टाका दिसायला पक्का वाटला तरी त्याच्याभोवतीचे छिद्र वाढत जाते.

त्यानंतर तार. काठाच्या कडेला, माथ्याच्या कडेला आणि डोक्याच्या घेरावर अशी तीन ठिकाणी मी साधारण एक मिलिमीटर जाडीची गॅल्व्हनाइज्ड तार बसवली. वेटोळ्यातून सोडलेल्या तारेला स्वतःचा बाक असतो. तो बोटांनी काढून तार आधी टेबलावर सपाट बसली पाहिजे, नाहीतर काठ पुढे कितीही दाबला तरी हेलकावे घेतच राहतो. तारेवर मलमलीची अरुंद पट्टी गुंडाळून घेतली, त्यामुळे टाके घसरत नाहीत. टोके कानशीने घासली आणि मागच्या मध्यावर ती पाच सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन दोऱ्याने बांधली. मग सगळ्या कडेने काजाचा टाका घातला. दर आठ मिलिमीटरवर सुई बकरममधून बाहेर काढायची, दोऱ्याच्या फासातून न्यायची आणि गाठ नेमकी तारेच्या माथ्यावर बसेल अशी आवळायची. प्रत्येक गाठ बसताना तार किंचित आत सरकते आणि कडेशी एकजीव होते. हे काम सावकाश होते, पण मला सर्वांत समाधान याच टप्प्यावर मिळाले. गोल तार बकरमला एका रेषेवरच टेकते, त्यामुळे गोंदाला धरायला जागाच मिळत नाही आणि काठ वाकवला की तो सुटतो.

गोंदाचा प्रश्न मी वेगळ्याने हाताळला. उरलेल्या बकरमचे तुकडे घेऊन त्यांवर फ्लॅनेल आणि टसर यांचे नमुने निरनिराळ्या पदार्थांनी चिकटवून पाहिले. फेव्हिकॉलमध्ये पाणी असते आणि ते बकरममधली खळ सैल करते. जाड थर दिला तर तुकडा मऊ पडून वाळताना वाकतो, पण स्पंजने अगदी पातळ थर दिला तर तो चांगला धरतो. गव्हाच्या पिठाची खळ सर्वांत सौम्य, कापडावर डाग न पाडणारी आणि चुकल्यास ओल्या फडक्याने सोडवता येणारी आहे. तिला कसर आणि बुरशी लागू नये म्हणून पुस्तकबांधणी करणारे तिच्यात मोरचूद घालतात, पण डोक्याला लागणाऱ्या वस्तूत ते विष मला नको होते. चप्पल दुरुस्तीवाले वापरतात ते रबरी सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासे झाल्यावर दाबायचे असते. ते बकरमला मऊ करत नाही, परंतु पातळ रेशमातून कालांतराने पिवळट डाग होऊन वर येते. ग्लू गनचा गोंद मी बाजूलाच ठेवला, कारण त्याचा उंचवटा कापडाखालून दिसतो आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या सामानावर तो मऊ होतो.

पावसाळी हवेत बकरम नरम पडते, ही या कामातली मोठी अडचण आहे, आणि तिच्यावरचा उपाय सुतारांच्या पॉलिशमध्ये सापडला. चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचा पातळ हात मी सांगाड्याला आतून-बाहेरून दिला. स्पिरिट खळीला सैल न करता उडून जाते आणि मागे राहिलेला लाखेचा पापुद्रा दमटपणा आत शिरू देत नाही. टोप्यांच्या धंद्यात ही युक्ती जुनीच आहे: १८४९ मध्ये लंडनमध्ये एडवर्ड कोक यांच्यासाठी पहिली बोलर, म्हणजे गोल माथ्याची कडक टोपी बनली, तिचे फेल्ट लाखेनेच कडक केले होते. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ही लाख आजही झारखंड-छत्तीसगडकडून येते, आणि आपल्याकडे ती बांगड्यांपासून फर्निचरपर्यंत सगळीकडे वापरतात. टोपीसाठी तिचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही.

चपडा वाळल्यावर सांगाड्यावर फ्लॅनेल चढवले, म्हणजे बकरमची जाळी आणि तारेचा उंचवटा वरच्या कापडातून उमटत नाही. हे काम गोंदाचे. पृष्ठभाग मोठा आहे, ताण जवळजवळ नाही, आणि टाके घातले असते तर प्रत्येक टाक्यापाशी खळगा पडला असता. फेव्हिकॉलचा पातळ थर सांगाड्यावर द्यायचा, कापडावर नाही, आणि फ्लॅनेल मध्यापासून कडेकडे तळहाताने बसवत न्यायचे. त्यावरच्या टसरला मात्र मी गोंदाचा थेंबही लावला नाही. माथ्यावर ते उरेब घेऊन ताणले, काठाला वरून आणि खालून स्वतंत्र तुकडे दिले, आणि सगळी पकड कडेच्या टाक्यांवरच ठेवली. काठाची बाहेरची कड उरेब पट्टीने बांधली: पट्टीची एक बाजू वरून उलट्या टिपेने आणि दुसरी खालून दुमडून लपत्या टाक्याने, दुमडीच्या आतून सुई सरकवत. काठ आणि उभी पट्टी यांचा सांधा रिबिनीखाली झाकला, आणि ती रिबीन व तिचा चपटा बो चारच बारीक टाक्यांवर धरला.

आतल्या घामपट्टीसाठी पीटरशॅम नावाची जाड रिबीन घेतली, कारण तिच्या कडेला बारीक दाते असतात आणि वाफेच्या इस्त्रीखाली ती वळवता येते. सरळ कडेची रिबीन डोक्याच्या आकारात बसत नाही, तिला चुण्या पडतात. ही पट्टी मी आत लांब आणि बाहेर टिपक्याएवढा दिसणारा टाका घालून सांधली आणि गोंद इथे कटाक्षाने टाळला. नाटकाच्या मौसमात ही पट्टी सर्वांत आधी खराब होते; दोऱ्याने सांधलेली असली तर ती उसवून धुता येते किंवा तिच्या जागी नवी बसवता येते, आणि सांगाड्याला धक्काही लागत नाही.