गाडी एमएच १२ ची, रस्ता कर्नाटकातला

२०१५ मध्ये माझा धाकटा भाऊ सहा-आठ महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी बेंगळुरूला गेला आणि पुण्याची गाडी सोबत नेली. दोन महिने झाले नाहीत तोच एका सिग्नलला अडवलं, गाडी तीस दिवसांपेक्षा जास्त इथे आहे, लाइफटाइम टॅक्स भरा. फोनवर म्हणाला, "ताई, पुण्यात एकदम भरलाय ना टॅक्स, मग इथे परत का?" तेव्हा बाहेरच्या नंबरवाले लोक टोलच्या पावत्या जपून ठेवायचे, गाडी राज्यात कधी आली हे दाखवायला.

मी त्या रागातच राज्यघटनेची सातवी अनुसूची, म्हणजे कुठल्या विषयावर केंद्राने आणि कुठल्यावर राज्याने कायदा करायचा याच्या याद्या, काढून बसले. राज्य सूचीत नोंद ५७ आहे, रस्त्यावर वापरता येतील अशा वाहनांवर टॅक्स लावायचा अधिकार राज्याचा. म्हणजे कर्नाटकने टॅक्स लावणं यात मुळात काही चूक नाही, आपलं महाराष्ट्र पण १९५८ च्या कायद्याने तेच करतं, आणि ते मला पटतं, कारण नॅशनल हायवे सोडले तर बाकीचे रस्ते, आरटीओ, चौकातला पोलीस हे मुख्यतः राज्याच्याच खर्चाचं.

पण त्याच नोंदीत पुढे लिहिलंय की हा अधिकार समवर्ती सूचीतल्या नोंद ३५ च्या अधीन आहे! नोंद ३५ म्हणजे मोटार वाहनं, आणि त्यांच्यावरचा टॅक्स कुठल्या तत्त्वावर लावायचा तेही. समवर्ती म्हणजे तिथे संसद आणि विधानसभा दोघींना कायदा करता येतो, आणि दोघींचे कायदे भिडले की कलम २५४ प्रमाणे संसदेचा टिकतो (राष्ट्रपतींची मंजुरी घेतलेली असेल तर मात्र त्या राज्यापुरता राज्याचा चालतो). संसदेचा १९८८ चा मोटार वाहन कायदा काय म्हणतो, तर एका राज्यातलं रजिस्ट्रेशन देशभर चालतं, आणि गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तरच तिथला नवीन नंबर घ्यायचा. कर्नाटकने २०१४ मध्ये आपल्या टॅक्सच्या कायद्यात दुरुस्ती करून तीस दिवस धरले होते. कुठे बारा महिने, कुठे तीस दिवस.

२०१६ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने ती दुरुस्ती रद्द केली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, कारण पोटासाठी राज्य बदलणाऱ्या माणसाने दोनदा पूर्ण टॅक्स भरायचा हे मला आजही अन्यायाचंच वाटतं. भावाला मात्र त्याचा उपयोग झाला नाही, त्याने आधीच एका शनिवारी रात्रभर चालवून गाडी पुण्याला आणून सोडली होती.

२०२१ मध्ये बीएच (भारत सीरिज) नंबर आला, राज्य बदललं तरी तोच चालणारा, त्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचाच भरायचा, हे खूप आधी व्हायला हवं होतं. पण तो सरकारी नोकरांना आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या कंपन्यांतल्या लोकांनाच मिळतो, भावाची कंपनी त्यात बसत नाही.

आता तो बेंगळुरूलाच स्थायिक झालाय. पुण्याच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) घेऊन केए नंबर घेतला, तिथला टॅक्स एका दिवसात भरला, तो भरायलाच हवा होता, रस्ते तो तिथलेच वापरतो. पुण्यात भरलेल्या टॅक्समधले उरलेल्या वर्षांचे पैसे परत मिळावेत म्हणून केलेला अर्ज मात्र सात महिने टेबलांवरून फिरत होता.