रतनवाडी ते पाचनई: कात्राबाईच्या खिंडीतून दोन दिवस

रतनगड बघून परत रतनवाडीत उतरणारे पुष्कळ. पाचनईतून हरिश्चंद्रगड चढणारे तर त्याहून जास्त. या दोन गडांना जोडणारी कात्राबाईच्या खिंडीची वाट मात्र अजूनही निवांत आहे. डिसेंबरात आम्ही चौघं ती चालून आलो आणि मधली रात्र कुमशेतला काढली. जाणाऱ्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, पण एवढं ऐका: रतनवाडीतून वाटाड्या घ्या. आम्ही घेतला नव्हता.

आदल्या रात्री घोटी, शेंडीमार्गे रतनवाडी गाठली. शेंडीपासून पुढचा रस्ता भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत जातो. एसटी मोजक्याच, त्यामुळे शेंडीतून जीप ठरवलेली बरी. सकाळी निघण्याआधी अमृतेश्वराचं देऊळ आणि शेजारची पुष्करणी बघायला अर्धा तास राखून ठेवा. आम्ही अंधारातच पाया पडून निघालो, याची हळहळ अजून आहे.

रतनगडाच्या चढात जंगलात एक फाटा लागतो. उजवीकडे गडाच्या लोखंडी शिड्या, सरळ वाट हरिश्चंद्रगडाकडे. जड सॅक पाठीवर घेऊन शिड्या चढू नका. आम्ही सॅक फाट्याजवळ झाडाला बांधल्या, पण खाण्याचं सगळं सोबत घेतलं, कारण माकडं पिशव्या फाडतात. गडावर नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, बसलं की वारा अक्षरशः अंगावर येतो. तिथून उठावंसं वाटत नाही, तरी अकराच्या आत फाट्यावर परत या. पाणीही गडावरच्या टाक्यांतून भरून घ्या, माणशी तीन लिटर तरी. फाट्यापासून कुमशेतपर्यंत आम्हाला पिण्याजोगं पाणी मिळालं नाही.

फाट्याच्या पुढे आमची वाट चुकली. झाडी इतकी दाट की डोंगर दिसत नाही, आणि पायाखाली नुसता पाचोळा. समोर एक रुंद, स्वच्छ वाट होती, ती धरली. वीसेक मिनिटांनी ती कारवीच्या झुडपांत शिरली, मग तिला तीन फांद्या फुटल्या, आणि आम्ही निवडलेली फांदी एका कातळाशी येऊन संपली. मागे फिरलो तर आपण आलो कुठून तेही कळेना. नशिबाने गुरांमागे आलेले एक बाबा भेटले. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ढोरवाट धरली तुम्ही. मानसाची वाट खाली राहिली."

तासभर गेला होता. बाबा आम्हाला मूळ वाटेवर सोडायला आले आणि जाता जाता एका दगडाशी थांबले. हात फिरवून बघायला लावला. वरचा भाग गुळगुळीत, किंचित खोलगट झालेला. पाय पडून पडून दगड असा होतो, ढोरं मात्र दगड टाळून कडेच्या मातीतून जातात. पाचोळ्यात वाट शोधू नका, दगडात शोधा, असं त्यांचं सांगणं. त्यानंतर खिंडीपर्यंत प्रत्येक वळणावर आम्ही वाकून दगड चाचपत होतो, आणि वाट सापडत गेली.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे, शेंदूर लावलेले दगड. अडीच वाजता पोचलो. समोर दक्षिणेला हरिश्चंद्रगड आडवा पसरलेला, उजव्या हाताला आजोबाचा डोंगर, आणि खाली कुमशेतची खाचरं. उतार तीव्र आणि घसाऱ्याचा आहे. बुटाचा तळ झिजला असेल तर या वाटेला येऊ नका. काठीचा खरा उपयोग इथेच होतो. गावात शिरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. तासभर आणखी चुकलो असतो तर अंधारात उतरावं लागलं असतं.

कुमशेतला मुक्काम म्हणजे कुणाच्या तरी ओटीवर. गावात शिरून विचारायचं, नाही कुणी म्हणत नाही. पण पोचण्याची वेळ दिवसाउजेडी ठेवा आणि जेवणाचे पैसे घरच्या मावशींनी मागण्याआधी आपणच विचारून द्या. रोख पैसे, तेही सुटे, जवळ हवेत. आम्हाला नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि ठेचा मिळाला. भिंतीपलीकडे गाई बांधलेल्या, त्यांच्या घंटा रात्रभर मधूनमधून वाजत होत्या. पहाटे थंडी अशी की स्लीपिंग बॅगमध्येही मोजे काढवले नाहीत. घरच्या आजोबांनी चुलीपुढची राख तळहाताने सारखी केली आणि तिच्यात बोटाने दुसऱ्या दिवशीची वाट काढून दाखवली: हा ओढा, ही नदी, इथं डावीकडं वळायचं. मोबाइलमधल्या नकाशापेक्षा ती रेघ आमच्या जास्त कामी आली. आणि या वेळी वाटाड्याही घेतला, त्यांचाच नातू.

कुमशेत ते पाचनई मुळेच्या खोऱ्यातून आम्हाला साडेतीन तास लागले. वाट सोपी, पण उघड्यावरची. सहाला निघा. पाचनईतून हरिश्चंद्रगडाची चढण कड्याच्या पोटातून जाते, अवघड जागी कठडे आहेत, दोन तास पुरतात. गड 1424 मीटर उंच असला तरी आदल्या दिवसाच्या मानाने पाय तक्रार करत नाहीत. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घातली. चार खांबांतला एकच शाबूत आहे. कोकणकडा बघायचा तर वर निदान तीन तास हवेत, आम्ही दोनच देऊ शकलो.

हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशाची पावती जपून ठेवा आणि जंगलात शेकोटी पेटवू नका, डिसेंबरात गवत वाळून कोळ झालेलं असतं.

पाचनईत उतरल्यावर राजूरला जायची सोय आधीच करून ठेवावी लागते. आम्ही सकाळी चढताना गावातल्या जीपवाल्याला चारची वेळ सांगून गेलो होतो. तो थांबला होता म्हणून राजूरहून संध्याकाळची एसटी मिळाली.