अकरा व्हिक्टोरिया क्रॉस आणि मुंबईचे माजी गव्हर्नर

दक्षिण आफ्रिकेतल्या रॉर्क्स ड्रिफ्ट ह्या छोट्या इंग्रज ठाण्याच्या लढाईला अकरा व्हिक्टोरिया क्रॉस (शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक) मिळाले हे मिलिटरी हिस्टरीवाल्यांना तोंडपाठ असतं, पण ते झुलू युद्ध लावलं कुणी तर सर बार्टल फ्रिअर यांनी, म्हणजे १८६२ ते ६७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होते तेच, ज्यांच्या काळात कोटाच्या भिंती पाडल्या. पुढे दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर झाले आणि डिसेंबर १८७८ मध्ये झुलूंच्या सेटेश्वायो राजाला अल्टिमेटम धाडला की सैन्यव्यवस्था मोडा नाहीतर बघा. लंडनला तेव्हा युद्ध नको होतं, साहेबांना हवं होतं.

झालं काय, २२ जानेवारी १८७९ ला इसांडलवानाला झुलूंनी इंग्रजांचा धुव्वा उडवला, तेराशेच्या वर माणसं गेली, आणि त्याच दुपारी तीनेक हजार झुलू रॉर्क्स ड्रिफ्टवर चालून आले. ठाण्यात दीडशेच्या आसपास लोक, त्यात बरेच आजारी. मक्याची पोती आणि बिस्किटांची खोकी रचून तट केला.

हेन्री हुक हा साधा प्रायव्हेट, त्या दिवशी हॉस्पिटलात स्वयंपाकाच्या ड्युटीवर. गवताचं छप्पर पेटलं, खोल्यांना आतून एकमेकींत जायला दारं नाहीत, मग त्याचा साथीदार शिपाई जॉन विल्यम्स कुदळीने भिंत फोडतोय आणि हुक संगीन घेऊन मागचा दरवाजा अडवतोय, भोक पडलं की पेशंट पलीकडे ओढायचे, मग पुढची भिंत. त्यातल्या कॉनलीला ओढताना त्याचा आधीच दुखावलेला पाय हुकच्याच हातून परत मोडला, पण माणूस वाचला. मला विचाराल तर मेडल ह्यासाठीच असावं.

ऑगस्टमध्ये जनरल वूल्झलीने तिथेच रॉर्क्स ड्रिफ्टवर हुकच्या छातीवर क्रॉस लावला. गंमत म्हणजे हाच वूल्झली नंतर जर्नलमध्ये लिहितो की पळायला वाट नव्हती म्हणून जे लढले त्यांना हीरो काय बनवायचं! जळफळाट असेल, पण इसांडलवानाची नाचक्की झाकायला सरकारला हीरो हवेच होते हे तर दिसतंच. जखमी पडलेल्या झुलूंना नंतर मारून टाकलं, त्याची वाच्यता मात्र मेडलच्या कागदांत नाही.

आणि मेडलवाल्यांचं तरी काय झालं? शिपायाला तेव्हा क्रॉसबरोबर वर्षाला १० पौंड मिळायचे. क्रॉस मिळालेल्यांपैकी रॉबर्ट जोन्स १८९८ ला बंदुकीच्या गोळीने गेला, आत्महत्या ठरली, इंग्लंडमधल्या पीटरचर्च गावच्या दफनभूमीत त्याचा दगड बाकीच्यांकडे पाठ करून उभा आहे. त्याच्यासोबत एकाच खोलीत लढलेला विल्यम जोन्स मँचेस्टरला कंगाल अवस्थेत १९१३ मध्ये वारला, क्रॉस त्याने केव्हाच पैशापायी घालवला होता.