आमची वाटचाल : बार्जच्या शाफ्टपासून वीतभर इंजिनापर्यंत

फोंडा तालुक्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत बाबांनी आमचे वर्कशॉप सुरू केले, तेव्हा त्यात एक लेथ, एक शेपर आणि एक ड्रिलिंग मशीन एवढीच सामग्री होती. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून लोहखनिज मुरगाव बंदराकडे नेणाऱ्या बार्जची दुरुस्ती हा आमचा मुख्य व्यवसाय होता. प्रोपेलर शाफ्टचे बुश, पंपाचे शाफ्ट, विंचची दातेरी चाके अशी कामे येत आणि त्यांच्याबरोबर ड्रॉइंग जवळजवळ कधीच येत नसे. झिजलेला भाग टेबलावर ठेवायचा, तो नवा असताना केवढा असेल याचा अंदाज बांधायचा, मापे खडूने मशीनच्या गार्डवर लिहायची आणि काम सुरू करायचे, अशी रीत होती. बाबांचा अंदाज सहसा चुकत नसे. कदाचित म्हणूनच कागदावर रेघ मारण्याची सवय आमच्या वर्कशॉपला कधी लागली नाही.

२०१२च्या सप्टेंबरात राज्यातले खाणकाम थांबले आणि बार्ज काठाला लागल्या. मधल्या काळात काम थोडे सुरू झाले, पण २०१८च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या, तेव्हा नदीकडे डोळे लावून बसायचे नाही असे आम्ही ठरवले. औषध कारखान्यांतल्या पॅकिंग मशीनचे सुटे भाग आणि शिगम्याच्या चित्ररथांतल्या हलत्या देखाव्यांचे गिअर यांवर पगार निघू लागले. मॉडेलचे काम मात्र आम्ही शोधायला गेलो नव्हतो. ते आपल्या पायांनी दाराशी आले.

मडगावचे एक निवृत्त रेल्वे फिटर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, एके दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात इंग्लंडहून मागवलेल्या एका लहान उभ्या वाफेच्या इंजिनाचे ओतीव भाग आणि घडी घालून जीर्ण झालेले ड्रॉइंग होते. सिलिंडरचे बोअर (आतला व्यास) पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) तेवढाच. चालत्या यंत्रांच्या लहान प्रतिकृती आपल्या हाताने करण्याच्या या छंदाला मॉडेल इंजिनिअरिंग म्हणतात, हेही आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. काम अर्ध्या दिवसाचे वाटले. अडले ते स्क्रूंपाशी. ड्रॉइंगवरचे सगळे आटे बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे होते. या मापात शून्य क्रमांकाचा स्क्रू ६ मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) असतो, पुढच्या प्रत्येक क्रमांकाचा पिच आधीच्याच्या ०.९ पट होत जातो आणि आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा असतो. पणजी, मडगाव आणि वास्को येथे आम्ही विचारलेल्या एकाही दुकानात असे आटे पाडणारे टॅप मिळाले नाहीत. ७ बीएच्या जागी मेट्रिक मापाचा एम २.५ आणि ५ बीएच्या जागी एम ३ घ्यायचे ठरले, आणि मग सगळे ड्रॉइंग मेट्रिक मापांत नव्याने काढणे आले.

मी आयटीआयमध्ये बोर्ड, टी-स्क्वेअर आणि २एच पेन्सिलीने ड्रॉइंग शिकलो. पॉलिटेक्निकमधून नुकतीच डिप्लोमा होऊन आलेली माझी भाची संगणकावर काढत असे. तिने तीन दिवसांत ते इंजिन कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, उभे केले, फ्लायव्हील फिरवून दाखवले आणि म्हणाली, "मामा, सगळे जुळते आहे." जुळतच होते. पिस्टनचा व्यास १९ आणि सिलिंडरचे बोअरही १९. आमच्या टर्नरने प्रिंट पाहिले आणि कोणालाही काही न विचारता पिस्टन १८.९६ला आणला. विचारल्यावर त्याने उलट मलाच विचारले, "पात्रांव, तेल कुठे राहणार?"

ही चार शतांश मिलिमीटरची फट आमच्या पुढच्या सगळ्या कामाचे सूत्र ठरली. पडद्यावर १० मिलिमीटरचा रॉड १० मिलिमीटरच्या भोकात बिनतक्रार बसतो, कारण तिथे धातूला तापण्याची, घासण्याची किंवा अडकण्याची मुभाच नसते. प्रत्यक्षात फिरणारा पिन, दाबून बसवायचा बुश आणि चांदीच्या सोल्डरने जोडायचा बुश या तिन्हींना वेगवेगळी फट लागते. तांब्याच्या बॉयलरमधल्या जोडाला साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर फट ठेवली, तरच वितळलेले सोल्डर केशाकर्षणाने आत ओढले जाते. त्याहून घट्ट केले तर ते बाहेरच थबकते आणि सैल केले तर ओघळून जाते. त्यामुळे आमच्याकडे आता भागाचे मॉडेल झाल्यावर ते आधी टर्नरच्या टेबलावर जाते. तो लाल पेनने फटी लिहितो आणि मगच ड्रॉइंग पक्के होते. भाचीला सुरुवातीला हे अपमानास्पद वाटले होते, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

दुसरा धडा महाग पडला. काकांचे इंजिन चालू लागल्यावर त्यांच्या परिचितांकडून बारा सिलिंडर ब्लॉकची मागणी आली. आम्ही प्रिंट काढले, लेथ आणि मिलिंगचे काम झाले आणि बाराही ब्लॉकांवर वाफेची छिद्रे आरशात पाहावी तशी उलट्या बाजूला निघाली. शोध घेतल्यावर कळले की सॉफ्टवेअरबरोबर आलेला ड्रॉइंगचा कोरा साचा वस्तूची दृश्ये मांडण्याच्या अमेरिकी पद्धतीचा, म्हणजे थर्ड अँगलचा होता. आपल्याकडे आयटीआयपासून फर्स्ट अँगल शिकवतात. तिथे डावीकडून पाहिलेले दृश्य उजवीकडे काढतात, तर थर्ड अँगलमध्ये ते डावीकडेच काढतात. कागदाच्या कोपऱ्यात ही पद्धत सांगणारे कापलेल्या शंकूचे चिन्ह छापलेले होते, पण ते कोणी पाहिले नाही. चूक सर्वस्वी आमची होती. ते ब्लॉक आजही कपाटात आहेत, आणि नवा मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात त्यांतला एक देतो.

त्यानंतर काकांनी त्यांचे खरे स्वप्न पुढे काढले. मुरगावहून कुळे आणि दूधसागरमार्गे कॅसलरॉकला जाणारी मीटरगेज त्यांनी नोकरीत असताना पाहिलेली. त्या घाटातला १:३७चा चढ ते आजही हाताचा पंजा तिरका धरून दाखवतात. नव्वदीच्या दशकात तो मार्ग ब्रॉडगेज झाला. त्यांना मीटरगेजचे वायजी जातीचे मालगाडीचे इंजिन पाच इंच अंतराच्या रुळांवर, कोळशाने आणि वाफेने चालणारे असे हवे होते. पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. मीटरगेजच्या १०००ला १२७ने भागले की ७.८७ येतात, म्हणजे प्रमाण साधारण आठास एक. मूळ इंजिनाचे चालक चाक चार फुटी, म्हणजे १२१९ मिलिमीटरचे. आमच्याकडे ते १५५ मिलिमीटरचे झाले.

सगळे ड्रॉइंग ७.८७ने भागले की मॉडेल तयार होते, असा माझाही समज होता आणि कॅडमध्ये तर ते एका बटणाचे काम आहे. पण निसर्ग त्या प्रमाणात लहान होत नाही. लांबी आठपट घटली की क्षेत्रफळ चौसष्टपट आणि घनफळ पाचशेपटींहून अधिक घटते. म्हणून लहान सिलिंडरमधली वाफ मोठ्यापेक्षा फार लवकर थंड होते. १४ मिलिमीटरचा बॉयलरचा पत्रा प्रमाणात आणला तर दोन मिलिमीटरही भरत नाही, आणि तो तांब्यात करताना ब्रेझिंगच्या ज्योतीखाली टिकायचा असतो. म्हणून बाहेरून दिसणाऱ्या वस्तू प्रमाणात ठेवायच्या आणि दाब, उष्णता किंवा भार सोसणाऱ्या वस्तू नव्याने हिशेब करून काढायच्या, असे आम्ही ठरवले. कॅडचा खरा उपयोग इथे झाला. बॉयलर जाड केल्यामुळे त्याचे आवरण फुगले आणि ते आवरण बाजूच्या पाण्याच्या पाइपला घासू लागले, हे पत्रा कापण्याआधी दिसले.

या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग व्हॉल्व्हगिअरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ सोडणारा व्हॉल्व्ह हलवणाऱ्या यंत्रणेचा आहे. वायजीला वॉल्शार्ट्स पद्धतीचा गिअर असतो. पिस्टन रॉडच्या टोकाच्या क्रॉसहेडची हालचाल आणि चाकावरच्या रिटर्न क्रँकची (चाकाच्या पिनवर बसवलेल्या लहान क्रँकची) हालचाल एका लिव्हरमध्ये मिसळून वाफेचा व्हॉल्व्ह मागेपुढे होतो. पूर्वी हौशी मंडळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या प्लायवूडवर टाचण्यांनी बसवून तो तपासत. आम्ही कॅडमध्ये फक्त रेषांचा सांगाडा काढला, प्रत्येक सांध्याला बंधन घातले आणि क्रँक पंधरा-पंधरा अंशांनी फिरवून व्हॉल्व्ह किती उघडतो ते वहीत उतरवले. वाफ पुढून आणि मागून सारखी शिरत नव्हती. गिअरमधल्या सरकत्या ठोकळ्याची, म्हणजे डाय ब्लॉकची, मधली जागा अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक सरकवल्यावर दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या. कागदावर हे शोधायला आठवडा गेला असता. लोखंडात शोधावे लागले असते तर आम्ही नादच सोडला असता. त्या रात्री साडेनऊपर्यंत काका वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून पडद्यावरचा तो सांगाडा फिरताना पाहत बसले होते.

चाकांसाठी बिडाचे ओतकाम लागणार होते. लाकडी पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) करणारे सुतार आता दुर्मीळ झाल्यामुळे आम्ही पॅटर्न थ्रीडी प्रिंटरवर काढायचे ठरवले. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, आणि टर्निंगसाठी प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर जादा ठेवायचे. म्हणून १५५ अधिक ६ मिळून १६१, आणि त्यावर एक टक्का धरून पॅटर्न साडेएकशेबासष्टच्या थोडा वर गेला. हा हिशेब बरोबर होता. पण बिडाच्या भट्टीत पैसे घालण्यापूर्वी पितळेत एक नमुना ओतून पाहावा म्हणून आम्ही पॅटर्न डिचोलीला एका कांसाराकडे नेला, ज्यांच्या घराण्यात समया ओतण्याचे काम चालते. त्या मेस्तांनी पॅटर्न हातात घेतला, आऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही वाळू सोडणार नाही." प्रिंटरच्या थरांच्या बारीक पायऱ्या त्यांच्या अंगठ्याला लागल्या होत्या. आऱ्यांच्या बाजू आम्ही सरळ उभ्या ठेवल्या होत्या, त्यांना उतार नव्हता, आणि आरा जिथे धावेला मिळतो तिथला कोपरा टोकदार होता. अशा कोपऱ्यात धातू आकसताना तडा जातो, हे त्यांनी आम्हाला त्यांच्याकडची एक फुटकी समई दाखवून समजावले. परत येऊन आऱ्यांना दोन अंशांचा उतार दिला, कोपऱ्यांत तीन मिलिमीटरची गोलाई दिली, पॅटर्नला मोटारीच्या रंगकामातली पुट्टी लावून तो घासला. समई ओतणाऱ्याच्या अंगठ्याएवढे अचूक तपासणीचे साधन मला कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये अजून आढळलेले नाही.

चौकटीचे तीन मिलिमीटर जाडीचे पत्रे आम्ही लेसर कटिंगला बाहेर पाठवतो. त्यात एकच पथ्य पाळतो. लेसरने कापलेली पोलादाची कड कडक होते आणि तिच्यात रीमर (भोक अचूक मापाला आणणारे हत्यार) घातला की रीमरची धार जाते, म्हणून फाइलमध्ये भोके न काढता फक्त केंद्राच्या खुणा ठेवतो आणि भोके आमच्या मशीनवर पाडतो.

सॉफ्टवेअरविषयी ग्राहक नेहमी विचारतात. छंदापुरते फुकट मिळणारे परवाने घरी वापरणाऱ्यांसाठी असतात, पैसे घेऊन काम करणाऱ्या वर्कशॉपसाठी नसतात. हा फरक न पाळणारे आमच्या धंद्यात बरेच आहेत, पण आम्ही तो पाळतो. आम्ही फ्रीकॅड वापरतो, जे मुक्त आहे. त्यात पूर्वी एक मोठा त्रास होता. सुरुवातीचे एखादे माप बदलले की पुढची भोके आणि गोलाया भलत्याच पृष्ठभागावर जाऊन बसत. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० आवृत्तीत तो बराच कमी झाला. ग्राहकांना आम्ही थ्रीडी फाइलबरोबर नेहमी मापे लिहिलेले ड्रॉइंगही देतो, कारण प्रिंटरच्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसते. इंचातली फाइल मिलिमीटर समजून छापल्यामुळे एका ग्राहकाची चिमणी तांदळाच्या दाण्याएवढी निघाली होती.

पावसाळ्यात अडचणी वेगळ्या असतात. प्रिंटरमध्ये वितळवायची प्लॅस्टिकची वायर दमट हवेतला ओलावा शोषते आणि छपाईत बुडबुडे येतात, म्हणून ती आम्ही तांदळाच्या डब्यात नव्हे, तर बल्ब लावलेल्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवतो. वीज गेली की रात्रभर चाललेला पॅटर्न अर्ध्यावर थांबतो. चवथीच्या आदल्या आठवड्यात असे दोनदा झाले.

काकांच्या वायजीची चौकट, सिलिंडर आणि व्हॉल्व्हगिअर जुळवून झाले आहेत आणि दाबलेल्या हवेवर इंजिन दोन्ही दिशांना फिरते. बॉयलरची पहिली चाचणी चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट दाबाला, पाणी भरून केली. त्यात एका स्टेभोवती (बॉयलरचे पत्रे जोडून धरणाऱ्या दांडीभोवती) थेंब आला, म्हणून तो जोड पुन्हा करावा लागणार आहे. त्या स्टेची फट ड्रॉइंगवर टर्नरने लाल पेनने लिहिलीच नव्हती, हे माझ्या लक्षात आले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी तो रजेवर होता. चाकांपैकी सहा झाली आहेत, उरलेल्या दोन चाकांचे साचे भट्टीवर आहेत.